गौरी तीनच दिवस राहतात

सणावरचं अंकमोजणीचं पुस्तक करायचं ठरलं की कथा, चित्रं, रंग यांच्याही आधी संपादकाच्या टेबलावर एक आकडा येऊन बसतो. तो आकडा दहा. तो कुणी ठरवून आणलेला नसतो, पण त्याला उठवायची कुणाची हिंमतही होत नाही. हाताची बोटं दहा, बालवाडीच्या भिंतीवरचा तक्ता दहापर्यंतचा, पाहुण्यांसमोर नातवंडाकडून म्हणून घ्यायचं तेही दहापर्यंतच. छपाईलाही दहा सोयीचा. जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकात पानं मोजकीच परवडतात आणि दहा आकड्यांची दहा जोडपानं धरली की पुस्तक भरल्यासारखं दिसतं. मग सण कोणताही असो, त्यातून मोजण्याजोग्या दहा वस्तू हुडकायचं काम सुरू होतं. दिवाळी असेल तर एक कंदील, दोन पणत्या, तीन लाडू, चार करंज्या असं बरं चालतं. सहा-सातपर्यंत येता येता सण आटोपतो आणि नुसती यादी उरते. तिथून पुढे आठ चकल्या, नऊ फुलबाज्या, दहा शंकरपाळे. (शंकरपाळे मोजून खाणारं मूल कुणी पाहिलंय, हा प्रश्न त्या बैठकीत निघत नाही.) हाच साचा कोणत्याही सणाला लावता येतो आणि इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात तो सर्रास लावला जातो. भोपळे काढून तिथे बर्फाचे बाहुले ठेवले की हॅलोविनचं पुस्तक नाताळचं होतं. अशा पुस्तकांवर काम करता करता माझं मत पक्कं होत गेलं ते असं की सणाच्या पुस्तकातला आकडा सणानेच दिला पाहिजे, सणातल्या एखाद्या कृतीतून तो एकेक करत वाढला पाहिजे, आणि सण जिथे थांबतो तिथे पुस्तकानेही थांबलं पाहिजे. हनुक्काचं पुस्तक आठवर थांबेल, नाताळआधीच्या आगमनकाळाचं चारवर आणि गौरींचं तीनवर. दहा भरले नाहीत म्हणून या पुस्तकांचं काही बिघडत नाही.

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न असता तर त्यावर इतकं लिहायचं कारण नव्हतं. दोन वर्षांचं मूल ‘एक, दोन, तीन, चार’ घडाघडा म्हणतं तेव्हा ते मोजत असतंच असं नाही. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये लहान मुलांच्या संख्याज्ञानावर पुस्तक लिहिलं, त्यात मोजण्याची तत्त्वं सुटी करून मांडली. एका वस्तूला एकच शब्द द्यायचा, शब्दांचा क्रम बदलायचा नाही, आणि शेवटचा शब्द हेच ‘एकूण किती’चं उत्तर, ही त्यांतली मुख्य. यातलं शेवटचं तत्त्व किती उशिरा उमगतं ते कॅरन विन यांनी १९९० च्या सुमाराला केलेल्या प्रयोगांतून दिसलं. दहापर्यंत बिनचूक म्हणणाऱ्या मुलाकडे खेळण्यांच्या ढिगातून तीन मागितली तर ते मूठभर उचलून देतं. आधी फक्त ‘एक’चा अर्थ कळतो, काही महिन्यांनी ‘दोन’चा, पुढे ‘तीन’चा, आणि साडेतीन-चार वर्षांच्या आसपास केव्हातरी, मोजलं की किती ते कळतं ही गोष्ट उलगडते. म्हणजे ज्या वयासाठी आपण हे पुस्तक करतो त्या वयाला आठ चकल्या आणि नऊ फुलबाज्या यांत फरक दिसत नाही. त्याला एका पानावर ‘खूप’ दिसतं आणि दुसऱ्याही पानावर ‘खूप’. शिवाय पान उलटताना वस्तू बदलली, रंग बदलला, जागा बदलली, त्यामुळे वाढलं नेमकं काय हे कळायला वावच राहत नाही. तेच आठ मेणबत्त्या ठरलेल्या जागी असतील, त्यांतल्या काल सात पेटलेल्या असतील आणि आज आठवी पेटली असेल, तर ते न मोजताही दिसतं. कालचं सगळं जिथल्या तिथे आहे आणि एक नवं आलं आहे. संख्यांची सगळी रचना या ‘आणखी एक’वर उभी आहे, आणि साच्यातल्या पुस्तकात नेमकी तीच दिसेनाशी होते.

जी मोजणीची पुस्तकं जगभर टिकली त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी दहाचा साचा फारसा जुमानलेला नाही. एरिक कार्ल यांचा भुकेला सुरवंट १९६९ मध्ये आला. सोमवारी एक फळ, मंगळवारी दोन, असं करत तो शुक्रवारी पाचांवर येतो आणि मोजणी तिथेच थांबते. शनिवारी तो नाना तऱ्हेचं खाऊन पोट बिघडवून घेतो. आकडा पाचपर्यंत का, तर सोमवार ते शुक्रवार दिवस पाच म्हणून. पानंही रोज थोडी रुंद होत जातात, त्यामुळे पुढच्या दिवसांच्या पानांच्या कडा डोळ्यांपुढे राहतात. मित्सुमासा आन्नो यांचं मोजणीचं पुस्तक जपानमध्ये १९७५ मध्ये निघालं. ते शून्यापासून सुरू होतं, बर्फाने झाकलेल्या मोकळ्या माळरानापासून, आणि बारावर संपतं, कारण वर्षाचे महिने बारा. एकच गाव, एकच नदी, आणि प्रत्येक पानावर घरं, झाडं, माणसं एकेकाने वाढत जातात. ही दोन्ही पुस्तकं सणावरची नाहीत. पण दोघांनीही आकड्यासाठी कालगणनेचा आधार घेतला आणि ती संपली तिथे हात आवरला. सणाच्या पुस्तकाला तर हा आधार शोधायलाही जावं लागत नाही. सण म्हणजेच मोजून पाळलेले दिवस.

याचं सगळ्यात नेटकं उदाहरण ज्यू लोकांचा हनुक्का. आठ रात्रींचा सण, पहिल्या रात्री एक दिवा, दुसऱ्या रात्री दोन, शेवटच्या रात्री आठ. या क्रमावरही एक जुना वाद आहे आणि तो तालमूदमध्ये नोंदलेला आहे. शम्माईच्या परंपरेचं म्हणणं, पहिल्या रात्री आठ लावावेत आणि रोज एक कमी करावा. हिल्लेलची परंपरा म्हणते, एकापासून वाढवत न्यावेत, कारण पवित्र गोष्टीत चढत जावं, उतरू नये. रूढ झाली ती हिल्लेलची रीत, आणि बालपुस्तकं करणाऱ्यांनी त्याबद्दल त्याचे आभार मानायला हरकत नाही. अलिबाग, पेण, ठाण्याकडे राहिलेली आपली मराठी बोलणारी बेने इस्राएल कुटुंबंही आज हे दिवे असेच चढत्या क्रमाने लावतात. आता हे पुस्तकात आणायला बसलं की खरी अडचण कळते. आठ दिवे ज्याने पेटवायचे तो नववा, ‘शमाश’, रोज जळत असतो. म्हणजे पहिल्या रात्रीच्या पानावर आकडा ‘१’ आणि ज्योती दोन. मजकूर सांगतो एक, आणि मुलाचं बोट ज्योतींवर ठेवलं तर निघतात दोन. चित्रकाराला हा प्रश्न टाळता येत नाही. परंपरेने मात्र उत्तर देऊन ठेवलेलं आहे. शमाश इतरांच्या रांगेत नसतो, तो उंचावर किंवा बाजूला असतो, म्हणजे मोजायचे कोणते आणि न मोजायचा कोणता हे दिव्यांच्या झाडावरच ठरलेलं आहे. चांगला चित्रकार ती उंची ठळक करतो, शमाशाचा रंग वेगळा ठेवतो. घाईत काम करणारा नऊही मेणबत्त्या एका ओळीत मांडतो, आणि मग पुस्तकातलं प्रत्येक पान एकाने चुकतं. आणखी एक खाचखळगा दिशेचा आहे. मेणबत्त्या उजवीकडून डावीकडे बसवत जातात आणि पेटवताना सगळ्यात नवी, म्हणजे डावीकडची, आधी पेटवतात. ज्याला हे ठाऊक नाही तो इंग्रजीच्या सवयीने डावीकडून भरत जातो आणि ज्या घरासाठी पुस्तक केलं त्या घराला ते पहिल्याच पानावर परकं वाटतं. आठ रात्रींच्या मेणबत्त्या, शमाश धरून, ४४ होतात. हनुक्काच्या मेणबत्त्यांच्या खोक्यात तितक्याच असतात. हा बेरजेचा भाग दोन वर्षांच्या मुलासाठी नाही, पण शेजारी बसून वाचणाऱ्या सात वर्षांच्या ताईला तो नक्की आवडेल.

नाताळच्या पुस्तकांची कथा उलटी आहे. त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध मोजणीगीत बारा दिवसांचं, इंग्लंडमध्ये १७८० च्या सुमाराला प्रथम छापलं गेलेलं, आणि चित्रकारांचं फार लाडकं. पण ते गाणं आहे आणि गाणं म्हणूनच सुंदर आहे. बाराव्या दिवशीची सगळी भेट एका पानावर काढायची तर ७८ पक्षी-माणसं-वस्तू काढाव्या लागतात, आणि बारा दिवसांची बेरीज ३६४ होते. त्यात कडवी नव्या आकड्यापासून एकाकडे उलटी उतरतात. चित्रकाराची हौस भागते, मुलाचं बोट कुठे ठेवायचं ते कळत नाही. याउलट ज्या वस्तूकडे बालपुस्तकं क्वचित वळतात ती आगमनकाळाची माळ. १८३९ मध्ये हॅम्बर्गजवळ योहान हिनरिख विखेर्न हे धर्मोपदेशक गरीब मुलांचं वसतिगृह चालवत होते. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं विचारत राहायची म्हणून त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, मधल्या वारांच्या लहान लाल. घराघरांत ही पद्धत गेली तेव्हा लाल मेणबत्त्या गळाल्या आणि चार उरल्या. वसई आणि गोव्याच्या चर्चमध्येही आगमनकाळात या चार मेणबत्त्या रविवारी एकेक करून पेटतात. मुलांच्या ‘किती दिवस राहिले’ या प्रश्नातूनच जन्मलेली, चारवर थांबणारी मोजणी इतकी हाताशी असताना नाताळची पुस्तकं दहा हरणं आणि दहा मोजे शोधत बसतात, हे मला अजून पटलेलं नाही.

आपल्याकडे तर अशी मोजणी पावलोपावली आहे. नवरात्रात घट बसला की रोज एक माळ चढते आणि घरात विचारतात, आज कितवी माळ? कालची माळ काढत नाहीत, तिच्या शेजारी आजची येते. मुलाला दाखवायला याहून चांगली रचना कुणी मुद्दाम करूनही साधणार नाही. पण तिथेही पुस्तक करणाऱ्याने जपून असलं पाहिजे. तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली की माळा आठ होतात किंवा दहा. २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला घट बसले आणि दसरा २ ऑक्टोबरला आला, म्हणजे दहा दिवस. पुस्तकात नऊच ठेवावेत, आणि एखाद्या वर्षी घरात दहावी माळ चढली तर ते मुलाला सांगावं, त्यात काही अवघड नाही. नवरात्रातले नऊ रंग मात्र पुस्तकात घेऊ नयेत. ते वारावर अवलंबून असतात, दरवर्षी क्रम बदलतो, आणि छापलेलं पुस्तक पुढच्याच वर्षी खोटं पडतं. हादग्यात पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं सोळापर्यंत चढत जातं; मोठ्या मुलींसाठी ते छान, दोन वर्षांच्या मुलासाठी सोळा फार, आणि गाणं बोट ठेवून मोजताही येत नाही. गणपतीचे २१ मोदक आणि २१ दूर्वा याच कारणासाठी बाजूला ठेवाव्या लागतात. दीड दिवसाच्या गणपतीचं काय करायचं हे अपूर्णांक शिकवणाऱ्यांनी बघावं. संक्रांतीची पाच सुगडं मात्र जशी आहेत तशी पुस्तकात येऊ शकतात. दहीहंडीचे थर मोजायला पोरांना आवडतात, पण थर ही एक वस्तू नव्हे, त्यात अनेक माणसं असतात. लहान मूल थर मोजेल की माणसं, याचा भरवसा नाही. एलिझाबेथ शिप्ली आणि बार्बरा शेपरसन यांनी १९९० मध्ये दाखवलं की लहान मुलांना काटे-चमचे मोजायला दिले आणि त्यांतला एक मोडलेला असला, तर ती त्याचे दोन तुकडे दोन म्हणून मोजतात. त्यांच्या डोळ्यांना सुटी, वेगळी वस्तू दिसते. समूह किंवा भाग हे नंतर येतं.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचं वाटतं ते गौरींचं उदाहरण. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. तीन दिवस, तीन वेगळ्या कृती, आणि तिन्ही मुलाला ओळखता येणाऱ्या. कुणीतरी घरी येणं, जेवणं, निघून जाणं हे दोन वर्षांच्या मुलाच्या अनुभवात रोज असतं. मुखवटे बहुतेक घरांत दोन, आणि ‘तीन’ कळायच्या आधी ज्या मुलाला ‘दोन’ नुकतं कळलंय त्याला त्या पानावर दोघी भेटतात. काही घरांत खड्यांच्या गौरी असतात, पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे आणतात. हातात धरता येणारी, एकसारखी, सुटी वस्तू मोजणीसाठी हवी असं संशोधक सांगतात, ती इथे प्रथेनेच दिली आहे. कुणाकडे मुखवटे, कुणाकडे खडे, कोकणात कुणाकडे तेरड्याची गौर, हा फरक पुस्तकाला अडचणीचा वाटतो, कारण एकच चित्र सगळ्यांचं होत नाही. पण दिवस तीन हे सगळ्यांकडे सारखं आहे, म्हणून मोजायचं ते दिवसांना. आणि बोरनहाण? खुद्द लहान मुलांचा सण, पण त्यात बोरं, चुरमुरे, हलव्याचे दाणे डोक्यावरून ओततात, मोजत नाहीत. त्याचं पुस्तक व्हावं ते ‘खूप’चं, तिथे आकडा घालणं म्हणजे सणाचा बेरंग.

आकडा सणाने दिला तरी पान मोजता येईल असं मांडणं हे काम उरतंच, आणि सणाचं चित्र त्याला सहज साथ देत नाही. सण म्हटला की चित्रकाराचा हात सैल सुटतो. पाच पणत्यांच्या मागे तोरण, तोरणात आंब्याची पानं, खाली ठिपक्यांची रांगोळी, आणि मुलाचं बोट पणत्या सोडून ठिपक्यांवर. मोजायच्या वस्तू एकमेकींवर चढू देऊ नयेत, आकाराने सारख्या ठेवाव्यात, आणि मागचं सगळं फिकं व मोजता न येण्यासारखं ठेवावं. हे सांगताना चित्रकाराशी वाद होतात आणि ते व्हावेतही, कारण चित्र निर्जीव होऊन चालत नाही. चमकी, उघडणाऱ्या खिडक्या, ओढायच्या पट्ट्या यांच्याबाबत मात्र माझं मत कडक आहे. सिंथिया चाँग आणि जुडी डीलोश यांनी २०१३ मध्ये अक्षरांच्या पुस्तकांवर पाहिलं की ओढायच्या-उघडायच्या करामती असलेल्या पुस्तकातून मुलं साध्या पुस्तकापेक्षा कमी अक्षरं शिकली. मुलाचं लक्ष खिडकीकडे जातं आणि जे शिकायचं ते राहून जातं. सणाची पुस्तकं भेट म्हणून घेतली जातात, दुकानात ती मोठ्या माणसाच्या डोळ्यांत भरावी लागतात, म्हणून ही करामत नेमकी सणाच्या पुस्तकांत सर्वाधिक असते. मजकुराबद्दल केली मिक्स आणि सहकाऱ्यांचं २०१२ चं काम उपयोगी आहे. मुलांना चित्रं दाखवताना आधी एकूण संख्या सांगितली आणि लगेच त्याच वस्तू मोजून दाखवल्या तेव्हा मुलांची समज वाढली. नुसतं मोजून किंवा नुसती संख्या सांगून तसं झालं नाही. म्हणजे पानावर ‘किती माळा?’ असा परीक्षेचा प्रश्न छापण्यापेक्षा ‘चार माळा’ असं सांगून मग एक, दोन, तीन, चार म्हणणं बरं. आणि वस्तू निवडताना मराठीचा एक फायदा घ्यावा. पणती-पणत्या, माळ-माळा, खडा-खडे, दिवा-दिवे यांत एकाचं अनेक झालं की शब्दच बदलतो, मोदक, लाडू आणि कंदील मात्र जसेच्या तसे राहतात. एकवचन-अनेकवचन स्पष्ट असलेली इंग्रजी आणि रशियन बोलणारी मुलं, तसा फरक न करणारी जपानी बोलणाऱ्या मुलांपेक्षा, पहिल्या संख्यांचे अर्थ लवकर धरतात असं बार्बरा सार्नेका आणि सहकाऱ्यांना २००७ मध्ये आढळलं. एक पणती, दोन पणत्या हे कानावर पडतं तेव्हा आकडा न कळताही काहीतरी वाढलं हे ऐकू येतं. लाडवांच्या पानावर ती मदत मिळत नाही.

यावर आक्षेप येतात, आणि काही वजनदार आहेत. पहिला थेट संशोधनातूनच येतो. एलिझाबेथ गंडरसन आणि सुझन लिव्हाइन यांनी २०११ मध्ये लिहिलं की दीड-दोन वर्षांच्या वयात आईवडील डोळ्यांसमोरच्या वस्तू मोजत, संख्या सांगत बोलतात तेव्हा मुलांची पुढची समज चांगली होते, आणि त्यातही चार ते दहा वस्तूंबद्दलचं बोलणं अधिक उपयोगी पडतं. मग तीनवर थांबणारं पुस्तक कशाला? हा आक्षेप मी मान्य करतो, पण तो माझ्या मुद्द्याला लागत नाही. लहान आकडा चांगला, मोठा वाईट, असं माझं म्हणणं नाही. हनुक्काचे आठ आणि नवरात्राच्या नऊ माळा चार ते दहाच्या पट्ट्यातच येतात, आणि तिथे वस्तू डोळ्यांसमोर, एका जागी, वाढत असतात. माझी हरकत कारणाशिवाय येणाऱ्या आकड्याला आहे. ज्या घरात गौरींचं पुस्तक आहे त्या घरात माळांचंही असावं; एकाच पुस्तकाने सगळी संख्याशाळा भरवायची गरज नाही.

दुसरा आक्षेप असा की हे सगळं फार गंभीरपणे घेतलं जातंय. मुलाला मांडीवर घेऊन चित्रं बघायची, त्यात कसलं गणित! हे बरोबर आहे, आणि म्हणूनच साच्यातलं पुस्तक मला खटकतं. एक ते दहा पुरे करायचा हट्ट हीच शाळा आहे. ज्या पुस्तकात रोज एक माळ चढते ते वाचणारा माणूस शिकवत नाही, घरात काय चाललंय ते सांगतो. संख्या त्या सांगण्यात आपोआप येतात. गाण्यासारखे आकडे म्हणणंही वाया जात नाही, क्रम पक्का होतो. पण त्यासाठी पुस्तकाची गरज नाही, आजीचा आवाज पुरतो.

तिसरा आक्षेप धंद्याचा आणि तोच सर्वांत खरा आहे. तीन आकड्यांच्या पुस्तकाला दहा आकड्यांच्या पुस्तकाचे पैसे कोण देणार? पुठ्ठा, चिकटवणं, गोल कापलेले कोपरे, यांचा खर्च पानांच्या प्रमाणात तितकासा कमी होत नाही. उलट सण संपला की उरलेल्या प्रती अकरा महिने गोदामात. यावर मी दोन गोष्टी सुचवत आलो आहे. लहान आकड्यांची पुस्तकं घडीची करावीत, एकाच लांब पट्टीला घड्या घालून. ती बांधणीशिवाय होतात, आणि उघडून जमिनीवर उभी केली की सगळे दिवस एकाच वेळी दिसतात, जे मोजणीला हवंच आहे. दुसरं म्हणजे सणाचं पुस्तक वर्षातून एकदाच वापरलं जातं हा समज दोन वर्षांच्या मुलांच्या घरात टिकत नाही. ते मूल मार्चमध्येही गणपतीचं पुस्तक मागतं. आणि पुढच्या भाद्रपदात तेच पुस्तक परत निघतं तेव्हा मूल तीन वर्षांचं झालेलं असतं, गेल्या वर्षी जे नुसतं पाहिलं ते या वर्षी मोजू शकतं. दहा वस्तूंच्या यादीला दुसऱ्या वर्षी सांगण्यासारखं नवं काही उरत नाही.

चौथा आक्षेप बालवाडीतल्या ताईंकडून येतो. वर्गात सगळ्या घरांची मुलं असतात; एका धर्माचा सण मोजणीत आणला की बाकीची मुलं बाहेर राहतात. म्हणून पानं, फुलं, बदकंच बरी. ही काळजी मला फार योग्य वाटते आणि तिचं पूर्ण समाधान माझ्याकडे नाही. एवढं मात्र दिसतं की साच्यातलं पुस्तक हा प्रश्न सोडवत नाही, झाकतं. सणातून कृती काढून घेतली आणि वस्तू ठेवल्या की ते कुणाचंच राहत नाही, तरी ज्याचा सण नाही त्याला ते आपलं वाटत नाहीच. कृतीवर उभं असलेलं पुस्तक दुसऱ्या घरच्या मुलालाही समजतं. रोज एक दिवा वाढतो, रोज एक माळ चढते, रविवारी एक मेणबत्ती पेटते. ही पुस्तकं वर्गाच्या कपाटात शेजारी शेजारी ठेवली तर त्यांतली रीत एकच आहे हे चार वर्षांच्या मुलालाही कळेल. एकटं एकच पुस्तक वर्गात ठेवणं मात्र टाळावं. पुस्तकात आशीर्वाद, माहात्म्य, पौराणिक कथा घालू नयेत. ते घरचं काम आहे आणि घर ते करतं.

मराठीत १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण सणाला पुस्तकं-मासिकं विकत घेतो. मोठ्यांसाठी अंक निघतात, शाळकरी मुलांसाठीही निघतात. ज्याला अजून वाचता येत नाही त्या वाचकासाठी या हंगामात फारसं काही नसतं, आणि असतं ते बहुधा भाषांतरित, दहा वस्तूंचं. प्रकाशकांना माझी विनंती आहे की पुढच्या भाद्रपदासाठी गौरींचं एक घडीचं पुस्तक काढा. तीन दिवस, दोन मुखवटे, चमकी नको, किंमत परवडेल अशी. आणि मागच्या कव्हरवर ‘१ ते १० अंक शिका’ हे छापू नका.